सर आर्चिबाल्ड मॅकिंडो

शस्त्रवैद्याची सुरी जखम बरी करते. परंतु त्या जखमेचा व्रण ज्याच्या मुखावर राहिला, त्याचे मन कोणी बरे करावे? या प्रश्नाचे उत्तर सर आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी आपल्या कृतीने दिले.

४ मे १९०० रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन नगरात त्यांचा जन्म झाला. तेथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन व अमेरिकेत अनुभव मिळवून ते लंडनला आले. विद्रूप झालेले अवयव पुन्हा घडविण्याची विद्या त्यांना तेथे त्यांचे आप्त सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडून मिळाली. कपाळाच्या कातडीने नवे नाक घडविण्याची पुण्याकडील रीत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात प्रसिद्ध झाली होती. युरोपात या विद्येला चालना मिळाली ती त्या वृत्तान्ताने, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि ईस्ट ग्रिन्स्टेड येथील रुग्णालयात मॅकिंडोंच्या हाती होरपळलेले तरुण वैमानिक येऊ लागले. त्या काळी भाजलेल्या भागावर टॅनिक आम्ल लावीत. त्याने कठीण खपली धरून बोटे व पापण्या आखडत. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात, हे मॅकिंडोंनी हेरले. त्यांनी आम्ल वर्ज्य केले व मिठाच्या पाण्याची स्नाने सुरू केली. मग अंगाच्या अन्य भागांची कातडी घेऊन पापण्या, ओठ, नाक क्रमाक्रमाने घडवीत. एकेका रुग्णास अनेक शस्त्रक्रिया सोसाव्या लागत.

तथापि, व्रण पुसट होतो, समूळ जात नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी रुग्णांना रुग्णालयाच्या निळ्या वेषाऐवजी स्वतःचा सैनिकी गणवेष घालू दिला व गावात मोकळेपणे हिंडू दिले. या तरुणांना इतरांसारखेच वागवावे, अशी त्यांनी ग्रामस्थांना विनंती केली. ग्रामस्थांनी ती मानली. त्यांना घरी जेवावयास बोलाविले. १९४१ साली रुग्णांनी विनोदाने ‘गिनीपिग क्लब’ हे नाव घेऊन आपले मंडळ स्थापिले. पुढे त्याचे ६४९ सभासद झाले.

१९४७ साली मॅकिंडोंना ‘सर’ ही पदवी मिळाली. एप्रिल १९६० मध्ये त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रांनो, व्रण पुसट करण्याचे अर्धे काम शस्त्रवैद्याचे. उरलेले अर्धे पाहणाऱ्याच्या दृष्टीचे. भाजल्याच्या वा कापल्याच्या खुणा मुखावर वागविणारा एखादा सोबती आपल्याही वर्गात असेल. त्याच्यापुरते हे अर्धे काम करावयास कोणतीही पदवी लागत नाही.