कॉनरॅड वॅडिंग्टन: ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द देणारा माणूस

माझ्या मामांना मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम आहे. यात अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट तयारच होत नाहीत. डॉक्टरांनी अझासिटिडीनची इंजेक्शनं सुरू केली: कातडीखाली, दर 28 दिवसांनी सलग 7 दिवस. हे औषध जीन बदलत नाही, जीनवरची कुलपं काढतं, एवढंच त्यांनी सांगितलं. ते समजावून सांगायचं काम मामांनी साहजिकच इंजिनियर भाच्यावर टाकलं. शोधता शोधता मी वॅडिंग्टनपर्यंत पोचलो.

कॉनरॅड हॅल वॅडिंग्टन यांचा जन्म 1905 चा, इंग्लंडमधल्या इव्हशॅमचा. वडील दक्षिण भारतात चहाच्या मळ्यावर होते, त्यामुळे पहिली काही वर्षं ते इकडेच वाढले. मग नातेवाइकांकडे इंग्लंडला रवानगी. तिथे त्यांना जीवाश्म गोळा करायचा नाद लागला आणि केंब्रिजला त्यांनी भूशास्त्र घेतलं. म्हणजे बायोलॉजीत ते बाहेरून आले. (आमच्या फील्डमध्ये मेकॅनिकलवाले येतात, तसंच!)

1930 च्या दशकात त्यांना एका प्रश्नानं पछाडलं. गर्भातली प्रत्येक पेशी एकाच अंड्यातून येते, मग एक मेंदूची आणि दुसरी कातडीची का होते? गर्भाचा एक ठरावीक भाग शेजारच्या पेशींना मज्जासंस्था बनवायला लावतो, हे माहीत होतं. तो इशारा देणारं रसायन शोधायला वॅडिंग्टन आणि जोसेफ नीडहॅम बसले. झालं भलतंच. मिथिलीन ब्लूसारख्या साध्या रंगानंही तोच परिणाम दिसला! मग इशाऱ्यात खास काय राहिलं? वॅडिंग्टन यांचं लक्ष इशारा घेणाऱ्या पेशीकडे वळलं. ती आधीच कशाला तयार आहे, हे महत्त्वाचं. मला त्यांच्या आयुष्यातलं हे वळण सगळ्यात मोठं वाटतं, आणि ते फसलेल्या शोधातून आलं.

1942 मध्ये त्यांनी ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द आणला. जीनपासून प्रत्यक्ष शरीर कसं घडतं, त्याचा अभ्यास असा त्यांचा अर्थ होता. पुढे त्यांनी एक चित्रच मांडलं. डोंगराच्या माथ्यावरून गोटी सोडली आहे, खाली दऱ्यांना फाटे फुटत जातात. गोटी एका दरीत उतरली की शेजारच्या दरीत जाणं अवघड. गोटी म्हणजे पेशी. डोंगराखाली खुंट्या आणि ताणलेल्या दोऱ्या, त्या खुंट्या म्हणजे जीन. एक दोरी सैल झाली की वरच्या उताराचा आकार बदलतो.

महायुद्धात ते रॉयल एअर फोर्सच्या कोस्टल कमांडसाठी ऑपरेशनल रिसर्च करत होते. 1947 पासून एडिंबरोत प्राध्यापक.

तिथला फळमाश्यांचा प्रयोग गाजला. कोशातल्या माश्यांना 40 अंशांची उष्णता दिली की काहींच्या पंखांवरची आडवी शीर गायब व्हायची. अशाच माश्या निवडून त्यांनी पुढची पैदास केली. पंधराएक पिढ्यांत उष्णता न देताही काही माश्या तशाच निघू लागल्या. अनेकांना यात लामार्कचं भूत दिसलं. वॅडिंग्टन यांचं स्पष्टीकरण साधं होतं: जीनमधले फरक आधीपासूनच लपलेले होते, उष्णतेमुळे ते दिसले आणि निवडता आले. विचार बदला की जीन बदलतात, असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतात ना, त्यांना इथे काडीचाही आधार नाही.

26 सप्टेंबर 1975 ला ते वारले. त्याच वर्षी दोन वेगवेगळ्या शोधनिबंधांनी सुचवलं की डीएनएवर चिकटणारे मिथाइल गट जीन चालू-बंद ठेवत असावेत आणि पेशी विभागली तरी ही खूण टिकत असावी. मामांच्या डॉक्टरांची ‘कुलपं’ ती हीच.

1980 मध्ये कळलं की अझासिटिडीन या खुणा पुसतं. पेशी डीएनएची कॉपी काढताना हा बनावट तुकडा आत शिरतो आणि मिथाइल चिकटवणारं एन्झाइम त्यालाच अडकून बसतं. पेशी विभागल्यावरच असर होतो, म्हणून गुण यायला महिने लागतात. तोवर रक्ताचे आकडे आणखी खालीही जातात. अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध नेमकी एकच दोरी सोडवू शकत नाही, दिसेल तिथली सोडवतं. आता डीएनए न कापता, ठरवलेल्या जीनवरचीच खूण बदलणाऱ्या क्रिस्परवर काम चाललंय.

मामांना मी गोटीचं चित्र कागदावर काढून दाखवलं. त्यांची चौथी सायकल सोमवारी सुरू होतेय.