मजूरमंत्री डॉ. भीमराव आंबेडकर : खाणीच्या तोंडापर्यंत गेलेला कायदा



यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्याच्या राजूर, घोन्सा, उकणी या कोळसा खाणींची नावे आपण ऐकली असतील. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हापासून या खाणींतील कायम कामगार सार्वजनिक उपक्रमाचा कर्मचारी मानला जातो. पाळीचे ठरलेले तास, अपघाताची भरपाई, स्त्री कामगाराची प्रसूती रजा या गोष्टी आज त्याला हक्क म्हणून मिळतात. मात्र त्या आपोआप आलेल्या नाहीत. या हक्कांच्या जडणघडणीतील एका व्यक्तीच्या कार्याचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत.

पूर्वपीठिका

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. राज्यघटनेचे शिल्पकार आणि अस्पृश्यतेविरुद्ध लढणारे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु परळच्या चाळीत वाढलेल्या आंबेडकरांनी गिरणी कामगारांचे जिणे जवळून पाहिले होते, हेही ध्यानात घ्यावे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३८ साली कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत झालेल्या संपाचे ते एक प्रमुख नेते होते. शासनाविरुद्ध उभा राहिलेला हा नेता १९४२ च्या जुलैमध्ये शासनाच्याच आसनावर बसला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले. १९४६ पर्यंत ते या पदावर होते.

कसोटीचा प्रसंग

तो महायुद्धाचा काळ होता. लष्करी बांधकामांवर अधिक मजुरी मिळत असल्याने खाणींतील मजूर तिकडे वळले. कोळशाचे उत्पादन घटले आणि त्याची झळ रेल्वे व कारखाने यांना पोहोचू लागली. स्त्रियांनी जमिनीखाली काम करू नये, ही बंदी १९३० च्या दशकात टप्प्याटप्प्याने पूर्णत्वास गेली होती. १९४३ साली सरकारने ती तात्पुरती उठवली. यवतमाळ जिल्हा त्या वेळी ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता, तेथेही ही सवलत लागू झाली.

मजूर खात्याचे प्रमुख या नात्याने या निर्णयाचे उत्तरदायित्व आंबेडकरांवर आले. १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर टीका झाली, तेव्हा त्यांनी हा युद्धकाळापुरता उपाय असल्याचे सांगून त्याचे समर्थन केले. समान कामासाठी स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, या अटीवर त्यांनी भर दिला. श्रमिकांचा कैवारी श्रमिकांचेच एक संरक्षण सैल करतो, हा विरोधाभास आपण टाळून पुढे जाऊ नये. आणीबाणीचे कारण पुढे आले की सुरक्षेच्या नियमांवरच पहिला घाव पडतो, हे या प्रसंगातून दिसते.

प्रत्यक्ष पाहणी आणि कायदे

त्यापूर्वी, १९४३ च्या डिसेंबरात, आंबेडकर धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले. ते स्वतः खाणीत उतरले आणि कामगारांची घरेही त्यांनी पाहिली. १९४४ च्या जानेवारीअखेर कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून घरे, पाणी, आरोग्य व शिक्षण यांची तरतूद करण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. जमिनीखाली काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांसाठी प्रसूती संरक्षण वाढवण्यात आले. खाणीच्या तोंडाशी पाळणाघरे व न्हाणीघरे असावीत, अशी तरतूद झाली. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे १९४३ साली सोपवलेल्या आरोग्य विम्याच्या अभ्यासातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला.

मूल्यमापन

या कार्याचे मर्म कोणते? कामगाराची सुरक्षा मालकाच्या दयेवर सोडू नये; तिच्यासाठी कायदा, निधी आणि तपासणी या तिन्ही गोष्टी लागतात, ही दृष्टी त्यामागे होती. राज्यघटनेच्या कलम ४२ मध्ये कामाची न्याय्य व मानवोचित परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करण्याचे निर्देश राज्यसंस्थेला दिलेले आहेत. ६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकरांचे निधन झाले. ते कलम आजही शासनाला बांधील धरते. शासन स्वतःच मालक असेल, तेथे तर त्याला सबब उरत नाही.

स्वयं-अध्ययन

आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून शिकत आहेत. आपल्या कामाच्या ठिकाणी कायम कर्मचाऱ्याला मिळणारे कोणते संरक्षण कंत्राटी कामगाराला मिळत नाही, याची नोंद करा. वरील विवेचनाच्या आधारे तिच्यावर दहा ओळी लिहा.