श्रद्धा आणि बुद्धी एका छपराखाली : गोपाळ गणेश आगरकर



आपण गोराईची माणसे. बोटीने खाडी ओलांडली की पलीकडे ख्रिस्ती बांधवांचे जुने गाव लागते, आणि २००९ साली खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. अलीकडच्या वसाहतीत तर एकेका जिन्यावर दोन-तीन धर्मांची घरे असतात. निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी शेजारधर्म कसा पाळावा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. परंतु एक प्रश्न मात्र आपण टाळतो. जो मनुष्य कोणताच धर्म मानीत नाही, त्याच्याशी आपण कसे वागावे? आणि त्याने आपल्याशी कसे वागावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका थोर महाराष्ट्रीय शिक्षकाचे चरित्र फार उपयोगी वाटते. ते म्हणजे 'सुधारक'कार गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू ह्या खेड्यात झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी त्यांना नातेवाइकांच्या आश्रयाने गावोगाव राहावे लागले. काही काळ त्यांनी दवाखान्यात कंपाउंडरचे कामही केले. अकोल्याहून मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात बसायचे. आपल्यातील ज्या पालकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांची फी भरली आहे, त्यांना ह्या सदऱ्याची किंमत सांगायला नको.

कॉलेजात मिल्ल आणि स्पेन्सर ह्या इंग्रज विचारवंतांचे ग्रंथ त्यांनी वाचले आणि त्यांचे मन बदलले. जे बुद्धीला पटत नाही ते केवळ पूर्वापार चालत आले म्हणून मानायचे नाही, असा त्यांचा निश्चय झाला. ईश्वर आहे की नाही हे मनुष्याला कळणे शक्य नाही, ह्या मतापर्यंत ते आले. लोक त्यांना सरळ नास्तिकच म्हणू लागले.

त्याच कॉलेजात त्यांना बाळ गंगाधर टिळक भेटले. टिळक श्रद्धाळू, गीतेचे अभ्यासक आणि परंपरेचा अभिमान बाळगणारे. दोघांची मते दोन टोकांची. पण देशातील मुलांना चांगले शिक्षण मिळाले पाहिजे, ह्याविषयी दोघांचे एकमत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक ह्यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम.ए. झालेले आगरकर सरकारी नोकरीचा मोह सोडून तुटपुंज्या पगारावर तेथे शिक्षक झाले. आपला मुलगा मोठ्या पगाराचा साहेब होईल अशी आस धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकांच्या हितासाठी खर्च करणार आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी आईला लिहिले होते.

पुढे १८८१ साली 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे संपादक झाले. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी पत्रातून लिहिल्याबद्दल दिवाण बर्वे ह्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. १८८२ साली टिळक व आगरकर ह्या दोघांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. एका कोठडीत एक आस्तिक आणि एक नास्तिक! रात्ररात्र त्यांचे वादविवाद चालत. दोघांपैकी कोणीही आपले मत सोडले नाही. पण तुरुंगातून बाहेर आले ते मित्र म्हणूनच. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज ह्याच मंडळींनी उभे केले. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे, टिळक, आगरकर अशी भिन्न प्रकृतीची माणसे एका शिक्षक-खोलीत बसत होती. समोर काम मोठे होते, म्हणून कोणी कोणाच्या श्रद्धेचा हिशेब मागत बसले नाही.

वाचकहो, ही गोष्ट इथेच संपली असती तर फार गोड झाली असती. परंतु चरित्र लिहिताना कडू भागही सांगितला पाहिजे. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांत वितुष्ट आले. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि १८८८ साली स्वतःचे 'सुधारक' पत्र काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन आणि स्त्रियांचे अज्ञान ह्यांवर त्यांनी कडाडून हल्ला केला. संमतिवयाच्या कायद्याने मुलींची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षे केली, तो १८९१ सालचा. आगरकर त्याच्या बाजूचे, टिळक विरोधातले. संस्थेच्या आजीव सभासदांचे वेतन व बाहेरची कामे ह्यांवरूनही भांडणे झाली, आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. वाद मतांवरून माणसांवर घसरला आणि दहा वर्षांची सोबत तुटली. पुण्यातील कर्मठांनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने खंगलेल्या त्या शिक्षकाला ती आपल्या डोळ्यांनी पाहावी लागली!

आता ह्याच माणसाच्या घरात डोकावून पाहा. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्या आपले देवधर्म, व्रतवैकल्ये करीत. सगळ्या महाराष्ट्राला रूढी सोडा म्हणून सांगणाऱ्या आगरकरांनी पत्नीवर आपल्या मतांची सक्ती केली नाही. त्या काळी नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा होता. त्यांनी हुकूम केला असता तर देव्हारा एका दिवसात उठला असता. त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्याने आपल्यावर विचार लादू नये असे ज्याला वाटते, त्याने स्वतःही ते लादता कामा नये, हे त्यांनी घरात पाळले. आणि यशोदाबाईंनी? गावाने वाळीत टाकल्यासारखे वागवलेल्या नवऱ्याचा संसार त्यांनी गरिबीत आणि आजारपणात निष्ठेने केला.

१८९२ साली आपट्यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांची मते सर्वांना ठाऊक होती, तरीही ह्या माणसाच्या हाती संस्था सोपवली गेली, कारण त्याच्या सचोटीविषयी शंका नव्हती. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नसताना, ते वारले. आपल्या दहनाच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असे चरित्रकार सांगतात. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, असेही सांगतात. ते अश्रू काही वर्षे आधी दोघे जिवंत असताना आले असते, तर किती बरे झाले असते!

पालकहो, ही कथा मी ह्या स्मरणिकेसाठी का निवडली? मुलगा जास्त शिकला तर दीनापासून दूर जाईल, ही भीती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. शिकलेले मूल प्रश्न विचारणारच. एखादे दिवशी आपला मुलगा किंवा मुलगी आपल्याला न आवडणारी शंका काढील. तेव्हा हात उगारला, घराबाहेर काढण्याची धमकी दिली, तर मूल गप्प बसेल. त्याची शंका मात्र जाणार नाही, आणि उद्या ते आपल्यापुढे मन उघडणार नाही. धर्मात जबरदस्ती नाही, ही शिकवण तर आपल्या घरचीच आहे. तिची खरी कसोटी परक्यापुढे लागत नाही, ती आपल्या पोटच्या मुलापुढे लागते. शांतपणे ऐका, आपल्याला ठाऊक असेल ते सांगा, आणि जेवायला एका दस्तरखानावर बसवा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. चार पुस्तके वाचून आईच्या नमाजला किंवा शेजारणीच्या पूजेला हसू नका. आगरकरांनी अन्यायी रूढीला तलवारीसारखी लेखणी दाखवली, पण घरातल्या माउलीच्या श्रद्धेची टवाळी केली नाही. जिथे दुर्बळाला त्रास होतो तिथे बोलावे. जिथे कोणी आपल्या मनाच्या शांतीसाठी हात जोडतो किंवा हात पसरतो तिथे आवाज खाली ठेवावा. आणि ज्याची मते तुम्हांला मान्य नाहीत, त्याची नक्कल करून चारचौघांत खिल्ली उडवू नका. प्रेतयात्रा काढणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

श्रद्धाळू आणि अश्रद्ध ह्यांनी एकमेकांना पटवलेच पाहिजे, असे नाही. एका शाळेसाठी, एका वस्तीसाठी, एका आजारी शेजाऱ्यासाठी दोघांनी मिळून काम करता आले पाहिजे. टिळक-आगरकरांनी दहा वर्षे ते करून दाखवले आणि त्यातून उभे राहिलेले कॉलेज आजही चालू आहे. आपली संस्थाही अनेक हातांनी उभी आहे. त्यातला प्रत्येक हात दुआसाठी उठणारा असेलच असे नाही. पण मुलांच्या शिक्षणासाठी पुढे आलेला प्रत्येक हात आपण आदराने हातात घेऊ या.