नापास कोण झाले?

कुंभकोणमच्या शाळेत असतानाच श्रीनिवास रामानुजन यांनी लोनी यांची महाविद्यालयीन त्रिकोणमिती आत्मसात केली. १९०३ साली कार यांचा हजारो सिद्धान्तांचा संग्रह हाती येताच ते एकेक सिद्धान्त स्वतः पडताळू लागले. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते महाविद्यालयात गेले. पण इंग्रजीत अनुत्तीर्ण झाल्याने ती गेली. पुढे मद्रासलाही एफ. ए. पदरी पडली नाही. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठानेच, पदवी नसताना, त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९२० मध्ये बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. जो नियम १९१३ साली शिथिल झाला, तो आधी का होऊ शकला नाही? एवढ्या अल्प आयुष्यातील त्या वर्षांचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत मांडलेला नाही.