लुदोविट श्टूर : ज्यास कोणी निवडून दिलें नव्हतें त्या सभेचा पुढारी

ज्या लोकांस स्वतःचें राज्य नाहीं, त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणास, या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या ग्रंथांत सहसा सांपडत नाहीं. म्हणून आज आम्ही स्लोव्हाक लोकांचा पुढारी लुदोविट श्टूर याचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों.

श्टूर १८१५ सालीं उह्रोवेत्स गांवीं एका शिक्षकाच्या घरीं जन्मला. स्लोव्हाक मुलूख तेव्हां हंगेरीच्या राज्यांत मोडत असे, आणि तेथील विधिमंडळांत उमरावांचें प्राबल्य असून शेतकऱ्यास थारा नव्हता. लोकांनीं बोलावें तर आधीं भाषा हवी, हें जाणून श्टूरनें १८४३ सालीं मध्य स्लोव्हाकियाच्या बोलीवरून लेखनाची भाषा सिद्ध केली व १८४५ पासून तींत वर्तमानपत्र चालविलें. १८४७ सालीं झ्वोलेन शहराचा प्रतिनिधि म्हणून विधिमंडळांत गेल्यावर त्यानें भूदासांची मुक्तता व मातृभाषेंतून प्राथमिक शिक्षण यांची बाजू मांडली.

मे १८४८ मध्यें स्लोव्हाकांनीं स्वतंत्र विधिमंडळ व सर्वांस मताधिकार मागितला. त्याबद्दल श्टूरवर पकडवॉरंट निघालें. स्वतःकरितां स्वातंत्र्य मागणाऱ्या हंगेरियन पुढाऱ्यांस शेजाऱ्याची तीच मागणी राजद्रोह वाटली! सप्टेंबरांत श्टूर, हुर्बान व होजा यांनीं व्हिएन्ना येथें स्लोव्हाक राष्ट्रीय सभा स्थापिली, आणि मियावा येथें हंगेरीशीं संबंध तोडल्याचें जाहीर केलें. पुढें सम्राटाच्या दरबारानें त्यांच्या स्वयंसेवकांचा उपयोग करून घेतला. स्वराज्य मात्र दिलें नाहीं. एका सत्तेविरुद्ध दुसऱ्या सत्तेच्या आश्रयास जाणें, ही त्यांची चूक आम्ही झांकूं इच्छित नाहीं.

अखेरचीं वर्षें श्टूरनें मोद्रा येथें, पोलिसांच्या नजरेखालीं, मृत भावाच्या मुलांचा सांभाळ करीत घालविलीं. शिकारींत स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून १२ जानेवारी १८५६ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, तो वारला.

त्या सभेस मतदारांची सनद नव्हती, हें खरें. परंतु शेतकऱ्याच्या सुटकेचा व त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा कैवार श्टूरनें आधींच घेतला होता. आमच्या मतें तीच तिची सनद. तेंच नांव १९४३ सालीं गुप्तपणें काम करणाऱ्या देशभक्तांनीं पुन्हां धारण केलें, आणि १९९३ सालीं स्वतंत्र झालेल्या स्लोव्हाकियाची १५० सभासदांची संसद आज राष्ट्रीय सभा म्हणूनच ओळखली जाते. पुढारीपणाची हौस असणारांनीं आधीं लोकांची सेवा करावी. प्रतिनिधित्व तिच्या मागून येतें.