धान्याचा क्रांतिकारक

दारव्ह्याच्या शिवारात माघ सरत आला की गव्हाच्या पिकाची खरी परीक्षा सुरू होते. जमिनीतील ओल खाली उतरते, वारा कोरडा होतो आणि ओंबीत दूध भरत असतानाच ऊन तापू लागते. अशा वेळी दाणा पुरता न भरता चिरमटून जातो. कोरडवाहू शेतकऱ्याचे हे दुःख पुढे ज्यांच्या अभ्यासाचा विषय झाले, ते डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे आपल्या यवतमाळला लागून असलेल्या वर्ध्याचे.

त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. वर्ध्यास प्रारंभीचे शिक्षण घेऊन ते पुढे नागपुरास गेले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी त्यांचे मन भारून गेले होते. देश स्वतंत्र करावयाचा, या एकाच ध्यासाने त्यांनी तरुणपणीच मायभूमी सोडली व जपानमार्गे अमेरिका गाठली. तेथे त्यांनी शेतकीचा अभ्यास केला आणि शस्त्रविद्याही शिकून घेतली. 1913 साली ते वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून पदवीधर झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील हिंदी लोकांनी गदर पक्ष स्थापन केला. त्याच्या उभारणीत खानखोजे अग्रभागी होते.

पुढे पहिले महायुद्ध पेटले. ही संधी साधून ते इराणात उतरले आणि इंग्रजांच्या फौजांशी लढले; परंतु यश आले नाही. आता स्वदेशी परतणे म्हणजे इंग्रजांच्या हाती सापडणे होते. अशा निराशेच्या काळी एखादा खचून गेला असता. खानखोजे मात्र 1924 साली मेक्सिकोस गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. हातातील शस्त्र गेले, तरी विद्या हाती होती. भुकेशी लढणे हीही क्रांतीच, असे त्यांनी मानले.

मेक्सिकोत कोठे उंच पठारावर कडाक्याची थंडी, तर कोठे पावसाची वाण. खानखोजे यांनी मका, गहू व कडधान्ये यांवर संशोधन केले आणि थंडीस व अवर्षणास तोंड देणारे वाण तयार करण्याच्या कार्यास वाहून घेतले. हे काम मोठ्या चिकाटीचे असते. गव्हाचे फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून एका रोपाच्या फुलातील पुंकेसर पिकण्यापूर्वीच चिमट्याने काढावे लागतात व त्यावर दुसऱ्या निवडक रोपाचे पराग घालावे लागतात. त्या बीजापासून आलेल्या रोपांची पिढ्यानपिढ्या निवड करावी लागते.

निवड करताना काय पाहावयाचे? मूळ खोल जाणारे असेल, तर खालची ओल रोपास मिळते. पानावर मेणासारखा पांढुरका थर असेल, तर पाणी कमी उडते. खोडात साठविलेले अन्न पुढे दाण्यास उपयोगी पडते. ओंबीवरील कुसळेही सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. आणि जे रोप लवकर पिकते, ते कडक उन्हाच्या तडाख्यातून निसटते. मात्र फारच लवकर पिकले, तर दाणे थोडे येतात. म्हणून या सर्व गुणांचा मेळ घालणे, यातच संशोधकाचे कसब असते.

आपली विद्या विद्यालयाच्या भिंतींआड राहू नये, म्हणून खानखोजे यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील एका भित्तिचित्रात, सर्वांसमवेत भोजनास बसून भाकरी मोडणाऱ्या पुरुषाच्या रूपात त्यांना अमर केले आहे.

1947 साली देश स्वतंत्र झाला. पण इंग्रजी अमदानीतील काळ्या यादीत नाव असल्यामुळे त्यांना परत येण्याची परवानगी प्रथम नाकारण्यात आली. ज्या देशासाठी घर सोडले, त्याचेच दार बंद! अखेर ही अडचण दूर झाली आणि ते नागपुरात येऊन स्थायिक झाले.

1966 साली मेक्सिकोहून सुमारे 18,000 टन गव्हाचे बियाणे भारतात आले. ते नॉर्मन बोरलॉग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या श्रमांचे फळ होते. पण त्याच देशात कितीतरी वर्षे आधी एका वैदर्भीय माणसाने धान्यासाठी आपला घाम गाळला होता. जानेवारी 1967 मध्ये खानखोजे यांनी नागपुरात देह ठेवला, तेव्हा उत्तर हिंदुस्थानात त्या नव्या गव्हाची हिरवी शेते वाऱ्यावर डुलत होती.