अठरा वर्षं खपून केलेलं पुस्तक त्यांच्या हाती आलंच नाही: केडगावच्या पंडिता रमाबाई

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. दौंड तालुक्यात मुक्ती मिशन कुठं आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या बायाबापड्यांना इथं आसरा दिला, एवढं शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांनी वाचलेलं असतं. पण आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं बाई ज्या कामाला बसल्या होत्या, त्याची आठवण फारशी निघत नाही. खेड्यातल्या बाईला ऐकताक्षणी कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायचं, हे ते काम.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि कर्नाटकात गंगामुळाच्या रानात जाऊन राहिले. पुढं तीर्थोतीर्थी पुराण सांगत सगळं घर पायी हिंडलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीनं गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघं चालत चालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. नंतर भाऊही गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि थोड्याच काळात नवरा पटकीनं गेला.

1883 मध्ये इंग्लंडला गेल्यावर रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इथून पुढं त्यांची वाट अवघड झाली. आपल्या लोकांना त्या परक्या वाटू लागल्या. तिकडच्या चर्चवाल्यांनाही प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारणारी ही बाई झेपेना.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, ते अवघ्या दोन मुलींवर. त्यातली एक गोदूबाई, म्हणजे पुढं महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं, मुली वाढल्या. सदनात कुणाला धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि मुली येऊन बसायच्या. 1893 मध्ये यावरून पुण्यात मोठं वादळ झालं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाजूला झाले आणि पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या. लोकांचा राग अगदीच बिनबुडाचा होता असं म्हणता येणार नाही, शब्द दिलेला होता. पण ज्या पुण्यानं 1882 मध्ये त्यांचं कौतुक केलं, त्याच पुण्यात आता त्यांचं नाव निघेनासं झालं. चार-पाच वर्षांची मेहनत जवळजवळ मातीत गेली.

बाईंनी केडगावला माळाची जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरून शेकडो बाया आणि पोरी घेऊन आल्या. उपासमार काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्ती सदनातली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, दूध, छपाई, सगळं बाया करायच्या.

या बायांना बायबल वाचून दाखवताना अडचण कळली. मराठीत बायबल होतंच, पण त्यातली भाषा शिकल्यासवरल्यांची. अंगठेबहाद्दर बाईला ती कळायची नाही. शिवाय त्यातल्या काही संस्कृत शब्दांना आधीच वेदान्ताचा वेगळा अर्थ चिकटलेला होता. ज्यांना हजारो श्लोक तोंडपाठ, त्या रमाबाईंना ही अडचण नेमकी दिसली. 1905 च्या आसपास त्यांनी स्वतःच भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी मूळच्या हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. संस्कृतच्या पंडितेनं पांडित्य मुद्दाम बाजूला ठेवून साधे शब्द वेचत बसायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. एकेका ओळीवर किती वेळ जात असेल, हे लिहिणाऱ्यालाच कळेल.

छपाईही केडगावातच. तेव्हा एकेका अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ जुळवावी लागे. मराठीत काना, मात्रा, जोडाक्षरं, म्हणजे खिळ्यांची गर्दी फार. जुळवणाऱ्या बायांतल्या कित्येकजणी केडगावात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांनी जुळवायचं, प्रूफ काढायचं, बाईंनी तपासायचं, चूक निघाली की परत. नवा करार आधी झाला, जुना करार कितीतरी मोठा, तो वर्षानुवर्षं चालला.

या काळात बाईंना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. सदनाचा भार मनोरमाबाईंवर होता. केडगावची शाळा, गुलबर्ग्याची शाळा, अंध मुलींचं ब्रेल लिपीतलं शिक्षण, सगळं त्या बघायच्या. आपल्यामागं हीच सांभाळणार म्हणून रमाबाई निर्धास्त होत्या. 24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक.

रमाबाई पुन्हा प्रूफं घेऊन बसल्या.

शरीर थकलं होतं. तेवढं तपासून होईपर्यंत आयुष्य दे, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि शेवटची प्रूफं हातावेगळी करूनच त्या गेल्या, असं मुक्ती मिशनच्या माणसांत सांगितलं जातं. तारीख 5 एप्रिल 1922. चौसष्टावं वर्ष पुरं व्हायला अठरा दिवस बाकी होते.

संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये. तोवर बाईंना जाऊन दोन वर्षं होत आली होती. मराठी चर्चमधून पुढंही बायबल सोसायटीचंच भाषांतर चालत राहिलं, रमाबाईंचं मागंच राहिलं. आज भाषेचे अभ्यासक ते शोधून वाचतात, कारण मूळ भाषांवरून एकट्या बाईनं अख्खं बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. केडगावला स्टेशनाजवळ मुक्ती मिशन अजून चालू आहे.